डोंगर उघडा, तर शिवार उघडे



जुलै २०२३ मध्ये सातपुड्यावरून पाण्याचा लोंढा जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत उतरला. उभी पऱ्हाटी गेली, खालची मातीही खरडून गेली. पीक पुन्हा पेरता येते, माती पेरता येत नाही.

नांदुऱ्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर. अंबाबरवा आणि ज्ञानगंगा ही अभयारण्ये याच डोंगरांतली. वाण तिकडून येते, ज्ञानगंगा इकडून. दोघी पूर्णेला मिळतात. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे, म्हणून सारी मदार पावसावर. जंगल असते तर तो लोंढा आलाच नसता, असे आम्ही म्हणत नाही. पण पाचोळ्याने झाकलेली जमीन पाणी पिते आणि उघडी जमीन मातीसकट सोडून देते, हे तुम्ही धुऱ्यावरच्या गवतातही पाहता.

हा पाचोळा उन्हाळ्यातला वणवा खातो. रोपे जळतात, आगीला टिकणारा साग खोडापासून फुटतो; मोह, चारोळी कमी होत जातात. ऊन वाढते आहे, पाऊस कधी एकदम कोसळतो तर कधी महिनाभर दडी मारतो. अशा काळात एकजातीचे जंगल तगत नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१७ साली शिवारभर एकाच तऱ्हेची कपाशी होती आणि गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. ज्वारी, तूर, मूग मिळून पेरणारा शेतकरी एका पिकात बुडाला तरी दुसऱ्यात तरत असे. जंगलाचा हिशेबही तोच आहे.

मग राखायचे कोणी? अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने उत्तर दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाला. उजाड रानात गावाने झाडे लावली, चराई आवरली, सीताफळे थेट मुंबईला विकली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हक्क आणि मिळकत हाती आली तेव्हा राखणही झाली. नुसत्या उपदेशावर कोणी रात्री वणवा विझवायला जात नाही.

आमच्या मनातला सलही सांगतो. रोही आणि रानडुकरे जंगलातून येतात, आणि ज्वारी राखायला मचाणावर जागतो तो शेतकरी. जंगलाचा फायदा साऱ्या देशाला आणि नुकसान धुऱ्याकाठच्या माणसाला, हा न्याय नव्हे. भरपाई पुरी आणि वेळेवर मिळाली पाहिजे. पण रागाच्या भरात जंगलच नको म्हणणे म्हणजे स्वतःच्या मातीवर पाणी सोडणे.

म्हणून जिल्हा सभेपुढे तीन गोष्टी ठेवतो. डोंगराकाठच्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काचे दावे दाखल करावेत. होळीच्या आत जाळरेषा काढून घ्याव्यात आणि त्या कामाची मजुरी गावालाच मिळावी. आणि आपण मैदानातल्यांनी धुऱ्यावरचा निंब, बाभूळ, बोर यांची उगवण यंदा तरी जाळू नये.

सभेला याल तेव्हा गावाचा दावा कुठे अडला आहे, त्याचा कागद सोबत आणा.