तुमच्याकडे याला काय म्हणतात?

या वेळी थोडे घरातले लिहिणार आहे. ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्या माझ्या धाकट्या दिरांनी मजकूर वाचून संमती दिली आहे. एक वाक्य त्यांनी खोडायला लावले. ते खोडले आहे.

पंधरा वर्षांपूर्वी भाऊजींची झोप उडाली. जुन्नरच्या पेठेत आमचे भुसाराचे दुकान; हंगामात पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून येणाऱ्या हिरड्याचीही खरेदी चाले. पहाटे तीनला भाऊजी गादीवर येऊन बसत. समोर वही उघडी असे, पण बेरीज जुळत नसे. नणंदेच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, त्यामुळे कोणी विचारलेच तर ‘पित्ताचा त्रास आहे’ असे सांगायचे घरात ठरले. पुण्याला नेले तेही अंधारात, पहिल्या एस.टी.ने.

तेथील समुपदेशक चांगले शिकलेले होते, त्यांचा हेतूही वाईट नव्हता. परंतु दुसऱ्याच भेटीत त्यांनी सांगितले, “वडिलांच्या धंद्यातून बाहेर पडा, वेगळे राहा, स्वतःसाठी जगायला शिका.” सासरे बाहेर बाकावर डबा घेऊन बसले होते. एस.टी.त भाऊजी एवढेच म्हणाले, “ते मला घर सोडायला सांगतात.” पुन्हा तिकडे कोणी फिरकले नाही. त्यानंतर तीन वर्षे वाया गेली. पुढे एका मनोविकारतज्ज्ञांच्या औषधांनी झोप परत आली. मूळ गोष्ट मात्र बऱ्याच उशिरा कळली. एका सौद्यात भाऊजींनी मोठी रक्कम गमावली होती आणि ती वडिलांपासून लपवली होती. त्यांना घर सोडायचे नव्हते. त्याच घरात मान वर करून बसता यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. हे त्यांना कोणी विचारलेच नाही.

ही आठवण आता निघाली ती पुतणीमुळे. ती पुण्यात समुपदेशनाचे शिक्षण घेत असून दुसऱ्या वर्षाला आहे. दर आठवड्याला काही व्यक्तींशी बोलते आणि नंतर नावगाव वगळून मार्गदर्शकांसमोर बसून आपण काय विचारले, काय राहिले, याचा हिशेब देते. मी कुतूहलाने “कोण येतात गं?” असे विचारले, तर हसून म्हणाली, “काकू, ते तुम्हाला कधीच कळणार नाही.” मला थोडा राग आला, मग बरे वाटले.

तिला शिकवला गेलेला पहिला धडा माझ्या मनात घर करून राहिला आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिली. समोरच्या माणसाला आपला त्रास काय वाटतो, घरच्यांना तो कसा सांगाल, त्याचे कारण काय वाटते, आधार कोणाचा आहे, आजवर कोणाकडे गेलात, असे ते प्रश्न आहेत. पुतणीने त्यांचे आपल्या भाषेत एकच सुरुवातीचे वाक्य केले आहे : “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” तिने ते सांगितले तेव्हा भाऊजी शेजारी बसले होते. ते पटकन म्हणाले, “घोर. जिवाला घोर लागणे.” पंधरा वर्षांत हा शब्द त्यांनी आमच्यापैकी कोणापुढेही उच्चारला नव्हता.

ही केवळ सौजन्याची बाब नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक तरुणांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन चोवीस दवाखान्यांत समुपदेशनाचा प्रयोग केला. ‘मानसिक आजार’ असा शिक्का न मारता ते लोकांच्या तोंडचा ‘टेन्शन’ हाच शब्द धरून बोलत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्यांना याचा स्पष्ट लाभ झाला. खासगी डॉक्टरांकडे तसा फरक दिसला नाही, हेही तेथे प्रामाणिकपणे नोंदले आहे. पुढे विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. तेथे नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. विदर्भातील शेतकरी एरवी अशा दारात पाऊल टाकत नाही. गावातलाच माणूस गावच्या भाषेत बोलू लागला, तेव्हा तो आला.

यावरून मी घाईने निष्कर्ष काढला की, आपल्या माणसाला आपल्याच समाजाचा समुपदेशक हवा. पुतणीने मान हलवली आणि वर्गातला एक प्रसंग सांगितला. दोघींनी नाट्यरूपाने सराव करायचा होता. एक मैत्रीण अठ्ठाई केलेली मुलगी झाली, ही समुपदेशक. मुलगी म्हणाली, “आठ दिवस फक्त उकळलेले पाणी घेतले, आता पुढच्या उपवासाची वाट पाहते.” आमची पुतणी जन्मापासून घरात तपश्चर्या पाहत आलेली. तिने अनुमोदना केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. सराव संपल्यावर शिक्षिका म्हणाल्या, “पारणे झाल्यावर जेवताना तिला कसे वाटते, हे तू विचारले नाहीस. दिवसातून किती वेळा वजन करते, तेही नाही. तुला वाटले, मला ठाऊकच आहे.” वर्गातील दुसऱ्या एका विद्यार्थ्याने मात्र उपवास हे शब्द ऐकताच ‘आजार’ असे लिहून टाकले होते. शिक्षिकांनी दोघांनाही सारखेच फटकारले. तप आणि अन्नाचे भय यांतला फरक बाहेरून दिसत नाही, विचारावेच लागते.

मेलनी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ साली याला नाव दिले, त्याचा अर्थ ‘सांस्कृतिक विनम्रता’ असा होतो. दुसऱ्याची संस्कृती एकदा शिकून संपत नाही, हे त्यांचे म्हणणे. अनेकान्तावरची व्याख्याने आपण दर चातुर्मासात ऐकतो. पण भुसाराच्या व्यापाऱ्याला हे वेगळ्या मार्गानेही ठाऊक असते. हिरड्याच्या पोत्याचा भाव वरचे चार हिरडे पाहून कोणी करत नाही. हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो.

अर्थात या विनम्रतेचा अर्थ घरच्यांची प्रत्येक गोष्ट शिरसावंद्य मानणे असा नव्हे. सून रडते आहे आणि ‘आमच्याकडे असेच असते’ असे सांगितले जात आहे, तेथे समुपदेशकाने कोणाच्या बाजूला बसायचे, हे पुतणीच्या मनात स्वच्छ आहे. लग्नाला नकार देणारा मुलगा कदाचित मुलींकडे आकर्षितच होत नसेल. त्याला ‘सुधारून द्या’ अशी मागणी घेऊन पालक आले, तर ती मान्य करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८चा निर्णय आहे, आणि समलैंगिकता हा आजार नाही, ही भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेचीही भूमिका आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने धर्म, जात, संस्कृती, वर्ग, लैंगिक कल यांवरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या गावातून आलेली महादेव कोळी आजी आणि पेठेतील शेठ यांना सारखाच वेळ आणि सारखीच खुर्ची मिळाली पाहिजे. त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्कही आहे. जिवाला धोका दिसला तर मात्र समुपदेशक गप्प राहू शकत नाही, डॉक्टरांकडे पाठवावेच लागते. औषध देण्याचा अधिकारही डॉक्टरांचाच. पुतणी हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते. कोणाला आजच बोलण्याची गरज असेल, तर सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते.

शिक्षण पूर्ण झाल्यावर तिला याच भागात काम करायचे आहे. अडचण जागेची आहे. जुन्नरच्या पेठेत पाटी लावली तर जिना चढणाऱ्याला समोरच्या चार दुकानांतून पाहिले जाईल, आणि संध्याकाळपर्यंत सोयरिकीची चौकशी थांबेल. यावर परवा रात्री घरात बरीच चर्चा झाली. सासऱ्यांनी नारायणगाव सुचवले. भाऊजी म्हणाले, “तेथे टोमॅटोच्या बाजाराला निम्मा तालुका असतो.” मंचरला आमच्या नात्यातलीच तीन दुकाने आहेत. घोडेगाव जुन्नरकरांना आडवळणी. शेवटी भाऊजींनी कागद घेतला आणि हिशेब मांडला : आठवड्यातून दोन दिवस मंचर, दोन दिवस जुन्नर, म्हणजे इकडचे तिकडे जातील आणि तिकडचे इकडे येतील. पाटीवर फक्त नाव लिहावे, खाली काही नको. आणि जागा अशी घ्यावी की त्याच जिन्यावर दाताचा दवाखाना असेल.

पुतणीने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.