तित्तर मोजायचे कोणी?

दर वर्षी बुद्ध पौर्णिमेला राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्याकाठी मचाणे बांधली जातात. वनरक्षक आणि त्यांच्याबरोबर हौसेने आलेली शहरी मंडळी रात्रभर चांदण्यात डोळे ताणून बसतात आणि पाण्यावर येणाऱ्या प्रत्येक जनावराची नोंद करतात. दोन दिवसांनी वर्तमानपत्रांत आकडे येतात : बिबटे इतके, अस्वले इतकी, रानडुकरे तितकी. वाचून बरे वाटते. मात्र ज्या रात्री ही मोजदाद चालते त्या रात्री तित्तर बाभळीच्या काट्यांत शिरून झोपलेला असतो आणि लावा गवताच्या बुडाशी अंग चोरून बसलेला असतो. त्यांच्या नावापुढे आकडा लागत नाही. तो लागावा असे कोणाला वाटतही नाही.

परभणीला तर अभयारण्यच नाही, तेव्हा मचाणही नाही. गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या काठची काळी जमीन, जिंतूरकडे थोडे डोंगर आणि मध्ये मैलोन्‌मैल शेती, असा हा जिल्हा. जंगल इथे नावाला आहे. हिवाळ्यात येलदरीच्या पाण्यावर बदके उतरतात, तेव्हा दुर्बिणी घेऊन चार माणसे काठावर जातात. पाणपक्ष्यांची जानेवारीतली गणना आता आशिया खंडभर होते. पण धुऱ्यावरच्या बोरीखाली, गायरानातल्या कुसळी गवतात, तुरीच्या ओळींत राहणाऱ्या पाखरांना वाली नाही. राखी तित्तर, रंगीत तित्तर, लावा, पखुर्डी यांपैकी कोण या जिल्ह्यात किती उरले आहे, हे ना वनखात्याला सांगता येते, ना महसुलाला, ना कृषी खात्याला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे छाती फुगवून सांगणाऱ्या जिल्ह्याला आपल्या माळावरच्या तित्तरांचा अंदाजही नाही.

हा हिशोब ठेवणारी माणसे मात्र या मुलखात होती आणि अजून आहेत. त्यांना आपण फासेपारधी म्हणतो. त्यांचे नाव निघाले की आपल्याला पोलीस आठवतात, पाखरे आठवत नाहीत.

फासा लावण्याच्या कितीतरी आधी पारध्याची पाहणी सुरू होत असे. झुंजूमुंजू व्हायच्या आधी तो माळाच्या कडेला जाऊन नुसता बसायचा. तित्तराचा नर आपल्या हद्दीत उभा राहून ओरडतो, शेजारचा त्याला उत्तर देतो. आवाज किती दिशांनी आले यावरून माळावर किती जोड्या आहेत याचा अदमास लागतो. मग उजाडल्यावर जमीन वाचायची : भुसभुशीत मातीत पंख झाडून केलेल्या खोलगट जागा, वाळवीसाठी उकरलेले वारूळ, धुऱ्यावरची शीट, आणि दिवस मावळताना थवा ज्या बाभळीवर चढतो ते झाड. पिले किती निघाली आणि त्यांतली किती उडण्याजोगी झाली, हे पाहिल्यावर यंदाचा हंगाम कसा जाईल ते कळायचे. पाऊस पडला की लाव्यांचे नर उभ्या पिकातून साद घालू लागतात. कोणत्या वावरातून साद आली आणि गेल्या साली घुमणारे कोणते वावर यंदा मुके राहिले, याची नोंद डोक्यातच राहायची. शिकवलेल्या बैलाच्या आडून पाखरांच्या हाताच्या अंतरावर जाणारा, पाळलेल्या तित्तराच्या बोलावर रानातला तित्तर बोलावून घेणारा हा माणूस पोटासाठी पाहत होता, म्हणून नीट पाहत होता. चूक झाली तर त्या दिवशी चूल पेटायची नाही.

पक्षिशास्त्रात यालाच आवाजावरून केलेली गणना म्हणतात. गवतात दडणाऱ्या पाखरांसाठी ही पद्धत जगभर मान्य आहे. फरक एवढाच, की तिथे ती कागदावर उतरते.

अमेरिकेतली रानटर्की हे त्याचे ठळक उदाहरण. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी देशातून नामशेष होण्याच्या बेताला आला होता. 1930च्या दशकात त्याची संख्या दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी, असा अंदाज सांगितला जातो. पुढे ती काही दशलक्षांवर गेली. 1937 साली तिथे कायदा झाला आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लागला. जंगली टर्की पकडून ओस पडलेल्या रानांत नेऊन सोडल्या गेल्या. आणि एक साधी सवय लागली : हंगामाआधी शिकाऱ्यांनी रानात जाऊन पाहायचे, ऐकायचे आणि जे दिसले ते सांगायचे. उन्हाळ्यात किती माद्या दिसल्या आणि त्यांच्यामागे किती पिले होती, हे अनेक राज्यांची वन्यजीव खाती शिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना विचारतात. अलीकडे काही राज्यांत टर्की पुन्हा घटू लागली. पिले कमी वाचत आहेत हे अशाच नोंदींवरून ध्यानात आले आणि काही ठिकाणी शिकारीचे दिवस व मर्यादा कमी झाल्या.

यावरून ‘मग आपल्याकडेही शिकार खुली करा’ असे कोणी म्हणेल, तर त्याला आमचा साफ नकार आहे. आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. मूळ कायद्यात तित्तर-लाव्यांसारख्या ‘लहान शिकारी’साठी परवाना मिळत असे. 1991 च्या दुरुस्तीने ते परवाने संपले, आणि ते योग्यच झाले. लोकसंख्येचा, डांबरी रस्त्यांचा आणि मोटारसायकलींचा आजचा रेटा पाहता परवाने राहिले असते तर तित्तर चित्रातच पाहावा लागला असता. आज फासा लावणे हीही कायद्याने शिकारच आहे. ते तसेच राहावे.

तक्रार वेगळी आहे. परवाना देण्याघेण्याच्या निमित्ताने का होईना, शिकार कोण करतो, कुठे करतो, काय मिळते, याची काहीतरी विचारपूस होण्याची सोय त्या व्यवस्थेत होती. ती बंद करताना तिच्या जागी दुसरी सोय कोणी केली नाही. पारध्याचा फासा बेकायदा ठरला, त्याबरोबर त्याने काय पाहिले ते सांगणेही धोक्याचे झाले. ‘अमक्या माळावर दहा जोड्या आहेत’ असे पारधी म्हणाला, तर पहिला प्रश्न येणार, तुला कसे माहीत? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजाच्या कपाळी शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायद्याने पुसला, मनातून मात्र पुसला नाही. संशय ज्याच्या दारात रोज उभा असतो तो माणूस शहाणा असेल तर गप्पच बसेल.

या माणसांचे ज्ञान अभ्यासकांना नवे नाही. कैलाशचंद्र मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला. नंदीवाले कुत्रे घेऊन डुकरे मारत, वैदू लहान मांसाहारी प्राणी धरत, फासेपारधी काळवीट आणि पाखरांसाठी फासे लावत. एकाच रानात प्रत्येकाची शिकार वेगळी. फासात सापडलेली गाभण मादी आणि पाडस सोडून देण्याची पारध्यांची रीतही त्यांनी नोंदवली. ‘पक्षिकोश’कार मारुती चितमपल्ली यांनीही रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द आयुष्यभर वेचले. म्हणजे पाखरांची नावे आपण या लोकांकडून घेतली. पाखरांची संख्या विचारायला मात्र गेलो नाही.

ती विचारायची वेळ आता आली आहे, कारण शिकार जवळपास थांबूनही पाखरे वाढल्याचे चिन्ह नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा 2023 चा अहवाल देशभरच्या सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल त्यात काढता आला, त्यांतल्या 60 टक्के घटल्या. मोर वाढला, उघड्या माळांवरच्या पाखरांचे मात्र हाल दिसतात. परभणीच्या शेतकऱ्याला याची कारणे शोधायला अहवाल उघडावा लागत नाही. मूग, उडीद, ज्वारी, तीळ असे मिसळून पेरणारी शिवारे सोयाबीनने एकरंगी केली. निंदणीला मजूर मिळेना म्हणून तणनाशक आले. यंत्र फिरायला अडचण नको म्हणून धुरे कोरून कोरून हातभर राहिले. गायरानांवर अतिक्रमणे झाली. तित्तराच्या आणि लाव्याच्या पिलांना पहिले काही आठवडे दाण्यापेक्षा किडे लागतात, रानटर्कीच्या पिलांनाही तेच लागते. धुऱ्यावरचे तण मेले की किडे गेले, आणि किडे गेले की पिले जगत नाहीत. फासा नसलेले शिवारही असे पाखरांच्या जिवावर उठते.

पण यातले किती नुकसान कशाने झाले, हे आकडा नसेल तर सांगणार कसे? नुसत्या मोजण्याने पाखरू वाचत नाही, हेही खरे. नान्नजच्या माळढोकाचे आपण काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, वर्षानुवर्षे मोजण्या झाल्या, आणि मोजता मोजता पक्षी बोटांवर येऊन संपत गेला. तरी माळढोक चालला आहे हे निदान कळत होते. तित्तर-लाव्यांच्या बाबतीत तेवढेही कळायची सोय नाही.

सोय करणे अवघड नाही. जैविक विविधता कायदा 2002 चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांनी तयार केलेली नोंदवही असायला हवी. हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दिली तेव्हा राज्यभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. त्या वह्या पुन्हा उघडा. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी नर ओरडत असताना आणि दिवाळीनंतर पिले मोठी झाल्यावर, नऊही तालुक्यांतल्या ठरावीक माळांवर, ठरावीक वेळी कान लावून मोजणी करा. मोजायला पारधी बसवा. त्याच्या शेजारी कृषी विद्यापीठाचा एक विद्यार्थी वही घेऊन बसवा. 1972 पासून परभणीत उभ्या असलेल्या त्या विद्यापीठाला शिवारातल्या पाखरांशी कर्तव्य असायलाच हवे. पारध्याला त्या दिवसाची पुरती मजुरी रोख द्या. सत्काराची शाल आणि नारळ नकोत. आणि ही कामगिरी त्याने केली याचा सही-शिक्क्याचा कागद द्या. रानात कोणी अडवले तर तो दाखवता येईल.

‘चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली’ असा आक्षेप यावर येणार. आक्षेप घेणाऱ्यांनी शेजारच्या वऱ्हाडाकडे पाहावे. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारध्यांनीच माळ राखायला घेतले, तणमोराचा ठावठिकाणा ठेवला. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलातले वाघ 2009 पर्यंत संपले, तेव्हा पारध्यांकडे बोट दाखवले गेले. पुढे त्याच समाजातले तरुण पर्यटकांना रान दाखवू लागले. सगळे पारधी संत नाहीत, जसे सगळे मचाणावर बसणारेही नाहीत. माळाचे नाव जाहीर न करता आकडे फक्त तालुक्याचे छापले, तर चोरट्या शिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आणि जो माणूस मोजून मजुरी मिळवतो त्याला पाखरू जिवंत राहण्यात फायदा दिसतो, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

घाई मात्र करायला हवी. फासे सोडून ऊसतोडीला, वीटभट्टीला, शहरातल्या मजुरीला गेलेल्या पारध्यांच्या पोरांना तित्तराचा बोल कळेलच असे नाही. ज्यांना कळतो ते म्हातारे झाले आहेत. त्यांच्याबरोबर त्यांच्या डोक्यातली ही वही जाळली किंवा पुरली गेली की दुसरी प्रत कुठेही नाही.

येत्या बुद्ध पौर्णिमेला पुन्हा मचाणे बांधली जातील. रात्र सरेल, चांदणे फिके होईल आणि मोजणारे अंगावरचे पांघरूण आवरून खाली उतरायला लागतील. नेमक्या त्याच वेळी माळावरचा पहिला तित्तर ओरडतो. त्यांनी आणखी तासभर थांबावे आणि त्या तासासाठी शेजारी एक पारधी बसवावा.