पेटंट कायद्यातील शस्त्र गंजू द्यायचे काय?

२४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर सह्या झाल्या. वृत्तपत्रांनी व्हिस्की आणि मोटारींवरील जकातीची पुष्कळ चर्चा केली. मात्र त्या कराराच्या बौद्धिक संपदेविषयीच्या प्रकरणातील एका वाक्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. औषधे लोकांपर्यंत पोचविण्याचा श्रेयस्कर मार्ग ऐच्छिक व्यवस्थेचा, म्हणजे कंपनीने आपखुशीने दिलेल्या परवान्यासारखा आहे, हे उभय देश मान्य करतात, अशा आशयाचे ते वाक्य आहे. वरवर पाहता ते निरुपद्रवी वाटते. कोणाचेही कलम रद्द झालेले नाही, कोणताही हक्क उघडपणे हिरावून घेतलेला नाही. परंतु भारताच्या पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्याची मेख तत्काळ कळेल. सरकारने आपल्या हातातील शस्त्र टाकलेले नाही. ते वापरणे शिष्टसंमत नाही, एवढेच लिहून दिले आहे.

हे शस्त्र आपल्या हाती कसे आले, हे नव्या कार्यकर्त्यांना सांगणे अवश्य आहे. स्वातंत्र्यानंतरही या देशात इंग्रजांनी केलेला १९११ चा पेटंट कायदाच चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अयंगार यांनी १९५९ साली सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात त्यांनी दाखवून दिले की भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांची असून त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक पेटंटांचा या देशात उत्पादनासाठी उपयोगच केला जात नाही. म्हणजे पेटंट येथे घ्यावयाचे, माल बाहेर तयार करावयाचा आणि येथील कोणालाही तो बनवू द्यावयाचा नाही. त्याचा परिणाम काय झाला होता, हे परकीयांच्याच तोंडून ऐकणे बरे. अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने १९६१ साली नमूद केले की, काही प्रतिजैविकांच्या भारतातील किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींत मोडतात. दरिद्री देश आणि सर्वांत महाग औषध, असा हा मेळ होता.

१९७० च्या कायद्याने हा मेळ मोडला. २० एप्रिल १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट देणे बंद केले. पेटंट मिळू शके ते केवळ ते औषध तयार करण्याच्या पद्धतीला, आणि तेही फार तर सात वर्षे. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनविण्यास कोणासही मुभा राहिली. त्याआधीच १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सार्वजनिक कारखाना उभा राहिला होता. अशा कारखान्यांनी निर्माण केलेले कुशल मनुष्यबळ आणि नवा कायदा या दोहोंच्या बळावर देशी औषध उद्योग वाढला. इंदिरा गांधींच्या राजवटीविषयी आपल्या चळवळीचे मत काय आहे हे सांगावयास नको. आणीबाणीतील तुरुंगवास कोणी विसरलेले नाही. परंतु हा कायदा त्यांच्या कारकिर्दीत झाला आणि तो चांगला होता, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

बौद्धिक संपदेचे रक्षण केल्याशिवाय आमचा माल, आमचे भांडवल तुमच्याकडे कसे येणार, असा सवाल बहुराष्ट्रीय कंपन्या नेहमी विकसनशील देशांना करतात. १९७७ साली कोका-कोला कंपनी परकीय भांडवलाची मर्यादा आणि आपल्या पेयाचे गुपित यांवरून झालेल्या वादात देश सोडून गेली, तेव्हाही हाच सूर होता. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना घडलेल्या त्या प्रकरणाची गोष्ट आपल्या बैठकांतून अजूनही चवीने सांगितली जाते. सांगावी, पण ते शेवटी एक गोड पेय होते. ते मिळाले नाही म्हणून कोणी दगावले नाही. औषधाचे तसे नाही, आणि म्हणून औषधाच्या मक्तेदारीला इतर मालाचा न्याय लावता येत नाही.

शिवाय हा उपदेश करणाऱ्यांचा स्वतःचा इतिहास काय आहे? बाझल शहरातील रासायनिक व औषधी कंपन्या ज्या स्वित्झर्लंडमध्ये मोठ्या झाल्या, त्या देशाने औषधी पदार्थांवर पेटंट देण्यास सुरुवात केली ती १९७७ च्या सुमारास. जर्मनीने १९६८ साली, जपानने १९७६ साली, इटलीने १९७८ साली. म्हणजे आपण १९७० साली जो कायदा केला, तसाच नियम पाळून हे देश आधी श्रीमंत झाले आणि नंतर त्यांनी शिडी वर ओढून घेतली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

शिडी ओढण्याचे काम जागतिक व्यापार संघटनेने केले. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या ट्रिप्स कराराने औषधी पदार्थांना वीस वर्षांचे पेटंट देणे सर्व सभासद देशांवर बंधनकारक केले. भारताला दहा वर्षांची सवलत मिळाली. ती संपताच २००५ साली कायदा बदलावा लागला. सरकारने डिसेंबर २००४ मध्ये काढलेला वटहुकूम कंपन्यांच्या सोयीचा होता. संसदेत सरकारला टेकू देणाऱ्या डाव्या पक्षांनी तो जसाच्या तसा मंजूर होऊ दिला नाही, म्हणून दोन गोष्टी पदरात पडल्या. एक, जुन्याच औषधाचे नवे रूप करून नवे पेटंट मागणाऱ्यास, त्या नव्या रूपाने औषधाचा गुण वाढला हे सिद्ध करावे लागेल, असे कलम ३ (ड). दुसरी, पेटंट मंजूर होण्यापूर्वीच त्यास हरकत घेण्याचा कोणाही व्यक्तीचा हक्क.

या दोन कलमांनी काय साधले त्याचे उदाहरण मुंबईतच आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या रक्तकर्करोगावरील औषधाच्या पेटंटला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था होती. कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये. देशी गोळ्यांचा आठ ते दहा हजार. पेटंट कार्यालयाने २००६ साली अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपीलही फेटाळले. ३ (ड) तगले.

सक्तीच्या परवान्याची कथा याहून उद्बोधक आहे. एखादे पेटंट मिळून तीन वर्षे उलटली, आणि तरीही ते औषध लोकांना पुरेसे मिळत नसेल, परवडत नसेल किंवा या देशात त्या पेटंटचा वापरच होत नसेल, तर दुसऱ्यास ते बनविण्याचा परवाना पेटंट नियंत्रक देऊ शकतो. मूळ मालकास स्वामित्वशुल्क मिळते. बायर कंपनीला सोराफेनिब या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधाचे पेटंट २००८ साली मिळाले. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. पेटंट वापरल्याची जी माहिती कंपन्यांना दरवर्षी सरकारला द्यावी लागे, तीतून असे निघाले की २००८ साली औषध देशात आलेच नाही आणि नंतर आले ते मूठभर बाटल्यांच्या हिशेबाने. गरजू रुग्णांपैकी दोन टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांनाच ते मिळत होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीने २०११ साली परवाना मागितला, तेव्हा बायरचे म्हणणे असे की सिप्ला कंपनी हेच औषध स्वस्तात विकते आहे, सबब लोकांची गरज भागते आहे! आणि त्याच वेळी हीच बायर कंपनी, ती विक्री बेकायदा आहे म्हणून, सिप्लावर दावा चालवीत होती. एका हाताने शेजाऱ्याची चूल विझवावयाची आणि दुसऱ्या हाताने त्याच्या भाकऱ्या आपल्या अन्नछत्राच्या खाती मांडावयाच्या, असा हा युक्तिवाद नियंत्रकांनी अर्थातच मान्य केला नाही.

९ मार्च २०१२ रोजी नॅटकोला परवाना मिळाला. किंमत ठरली महिन्याला ८,८८० रुपये; बायरला सहा टक्के शुल्क, जे अपिलात सात टक्के झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली हा निर्णय कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्याचे नाकारले. मधल्या काळात बायरच्या तत्कालीन प्रमुखांच्या तोंडून एका सभेत सत्य निघून गेले : हे औषध आम्ही भारतीयांसाठी केलेले नाही, ते परवडणाऱ्या पाश्चात्त्य रुग्णांसाठी केले आहे, अशा अर्थाचे ते बोलले. ओघात बोलून गेलो, असे त्यांनी नंतर सांगितले. आपण ते मान्य करू. माणूस ओघात बहुधा खरेच बोलतो.

आता प्रश्न असा की, २०१२ नंतर दुसरा परवाना का दिला गेला नाही? त्यानंतर जे एकदोन अर्ज आले, ते फेटाळले गेले. अमेरिका-भारत व्यापार मंडळाने २०१६ साली अमेरिकन व्यापार प्रतिनिधीला सादर केलेल्या निवेदनात म्हटले की, सक्तीचे परवाने देणार नाही असे आश्वासन भारत सरकारने खासगीत दिले आहे. सरकारने त्याचा इन्कार केला. इन्कार खरा मानावा, तर कृतीही तशी दिसावयास हवी होती. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेसह जागतिक व्यापार संघटनेत कोविडच्या लशी व औषधांवरील पेटंटबंधने स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला. तो स्तुत्य होता. पण मे २०२१ मध्ये, ऑक्सिजनवाचून माणसे तडफडत असताना, सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या परवान्यांविषयी विचारले, तेव्हा हेच सरकार म्हणाले की या टप्प्यावर तसे करणे प्रतिकूल ठरेल. जिनिव्हात एक भाषा आणि दिल्लीत दुसरी.

दोष केवळ सरकारचा नाही, हेही स्पष्टपणे बोलले पाहिजे. परवाना मागावयाचा कोणी? देशी कंपनीनेच. २००१ साली सिप्लाने एड्सवरील त्रिऔषधी उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा जगातील बाजारभाव दहा हजार डॉलरच्या वर होता; आफ्रिकेतील लक्षावधींना त्याने जीवदान मिळाले. पण देशी भांडवल हे शेवटी भांडवलच असते. २०१४ साली गिलियड कंपनीने हेपटायटिस-सी वरील औषधाचे ऐच्छिक परवाने भारतातील सात कंपन्यांना दिले. विक्रीचे देश तिनेच ठरवून दिले. ब्राझील व चीन त्यांतून वगळले. देशी कंपन्यांनी निमूटपणे सह्या केल्या. मालकाशी भांडून परवाना मिळविण्यापेक्षा मालकाच्या ओसरीवर बसून वाटा मिळणे त्यांना सोयीचे वाटते. देशी कंपन्यांची पालखी वाहणे हे आपले काम नव्हे. रॅनबॅक्सीसारख्या नामांकित कंपनीने २०१३ साली अमेरिकेत औषधांच्या भेसळीबाबतचे गुन्हे कबूल केले आणि पन्नास कोटी डॉलर भरले. तो कलंक लपविण्यात अर्थ नाही. ज्या सार्वजनिक कारखान्यांनी परवाना मागावयास हवा होता, त्यांतील पिंपरीचा कारखाना वर्षानुवर्षे आजारी उद्योग म्हणून पडून राहिला. हा कायद्याचा नव्हे, धोरणाचा पराभव आहे.

संशोधनाचा खर्च कसा भरून निघावा, हा आक्षेप प्रामाणिक माणसेही घेतात. परंतु ग्लिव्हेक रुग्णांपर्यंत नेणारे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांचे ओरेगॉनमधील संशोधन प्रामुख्याने सार्वजनिक व धर्मादाय निधीवर झाले होते. जनतेने एकदा करातून पैसे द्यावयाचे आणि मग औषधाच्या दुकानात तेच पुन्हा द्यावयाचे, याला संशोधनाचे उत्तेजन म्हणत नाहीत.

शस्त्र नुसते म्यानात नाही; म्यानाला हळूहळू शिवण घातली जात आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांशी १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार झाला आणि पाचच दिवसांनी, १५ मार्च रोजी, पेटंटचे नवे नियम निघाले. पेटंट वापरल्याची माहिती आता दरवर्षी नव्हे, तीन वर्षांतून एकदा द्यावयाची. बायरचे बिंग ज्या कागदांनी फोडले, तेच कागद विरळ झाले. पेटंटपूर्व हरकत घेणाऱ्यास शुल्क भरावे लागेल आणि हरकत दाखल करून घ्यावी की नाही हे नियंत्रक आधी ठरवील. संसदेपुढे कायदा बदलण्याचा प्रस्ताव आणला असता तर आरडाओरड झाली असती. नियम बदलले, तेव्हा कोणी ब्र काढला नाही. आपणही काढला नाही, हे नोंदवून ठेवावे लागेल.

आणि तरीही हरकतीचा हक्क जिवंत आहे. क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबविण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. हरकत घेणाऱ्यांत महाराष्ट्रातील एचआयव्हीबाधितांची संघटना होती, आणि नंदिता वेंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या क्षयातून वाचलेल्या दोन तरुणी होत्या. जुन्या औषधांच्या दुष्परिणामांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. हे त्यांनी कोणत्याही राजकीय पक्षाची वाट न पाहता केले.

आपल्या पक्षात डॉक्टर आहेत, वकील आहेत, रुग्णालयांतील कामगारांच्या संघटना आहेत. पेटंटे देणाऱ्या खात्याचे एक कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथे आहे. तेथून थोड्याच अंतरावर, परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरील पदपथावर, गावोगावहून आलेली कर्करोगाचे रुग्ण असलेली कुटुंबे पथारी पसरून राहतात. कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन, त्यांच्या चिठ्ठ्यांवरील औषधांची नावे आणि त्यांनी मोजलेल्या किमती वहीत उतरवाव्यात. त्यांतील कोणत्या औषधाचे पेटंट तीन वर्षांहून जुने आहे, आणि ते येथे बनते की बाहेरून येते, हे पेटंटच्या नोंदवहीत शोधावे. ती यादी हाती आली की संसदेत कोणता प्रश्न विचारावयाचा आणि सार्वजनिक कारखान्याने कोणता परवाना मागावयाचा, हे ठरविण्यास आपल्याला एका बैठकीहून अधिक वेळ लागू नये.