झळ कोणी सोसायची, हे ठरवतं कोण?

महागाई वाढली की राग आधी हाताच्या अंतरावरच्या माणसावर निघतो. भाजीवाला, किराणा दुकानदार, रिक्षावाला. थोडा वर सरकला तर तो अडत्या आणि साठेबाज यांच्यापर्यंत जातो, आणि आणखी वर गेला की राजकारणात विरघळतो. सत्ताधारी युद्धाकडे आणि पावसाकडे बोट दाखवतात, विरोधक सत्ताधाऱ्यांकडे, केंद्र राज्याकडे आणि राज्य केंद्राकडे. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य असतं, म्हणून भांडण मिटत नाही. या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. भाव का वाढले, हा एक. आणि वाढलेल्या भावाची झळ कोणाच्या अंगावर गेली, हा दुसरा. पहिल्याला पुष्कळदा कोणी गुन्हेगार नसतो. दुसऱ्याला मात्र नेहमी असतो, कारण झळ आपोआप वाटली जात नाही. ती वाटणारे निर्णय कागदावर होतात, त्यावर तारीख असते आणि सही असते. लोकांच्या संतापाने हे कागद वाचायला हवेत.

कारणांचं म्हणाल तर ती सरळ आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, कच्चं तेल आणि सूर्यफूल तेल भडकलं, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, आणि गोडेतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवणाऱ्या आपल्या देशात एप्रिलचा किरकोळ महागाई दर ७.७९ टक्क्यांवर गेला. पुढच्या वर्षी जुलैत तो पुन्हा ७.४४ टक्के झाला तो प्रामुख्याने भाजीपाल्यामुळे, त्यातही टोमॅटोमुळे. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टोमॅटोचे भाव इतके पडले होते की नाशिक आणि पुणे जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला होता. ज्याला तोडणीचा खर्चही सुटला नाही, त्याने पुढची लागवड आखडती घेतली. त्यात पावसाने आणि रोगाने भर घातली. यात खलनायक शोधायचा तर हवामानालाच पिंजऱ्यात उभं करावं लागेल.

खलनायक शोधण्याची हौस सरकारलाही असते, आणि ती महागात पडते. १९७२ चा दुष्काळ आणि पाठोपाठ १९७३ चा तेलाचा भडका यांनी घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या घरात नेली. तेल भडकण्याआधीच दिल्लीने दोष व्यापाऱ्यावर ठेवला आणि १९७३ च्या रब्बी हंगामात गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला. खरेदी अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली, गहू बाजारातून दिसेनासा झाला आणि वर्षभरात हा प्रयोग गुंडाळावा लागला. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती उभी राहिली आणि लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्या मोर्चांचा रोख कोपऱ्यावरच्या वाण्यापेक्षा मंत्र्यांकडे होता. मागणी रेशनवर धान्य, तेल आणि रॉकेल नीट मिळण्याची होती. सरकारपेक्षा त्या गृहिणींना अर्थशास्त्र अधिक कळत होतं, असं म्हणायला हरकत नाही.

झळ वाटण्याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण म्हणजे कांदा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं. त्याने भागेना, म्हणून डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. आधी ती ३१ मार्चपर्यंत होती, मग लांबली. एप्रिलअखेर गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या दोन हजार टनांना निर्यातीची मुभा मिळाली तेव्हा नाशिकमध्ये जो भडका उडाला, त्यात तक्रार दोन हजार टनांची नव्हती. बंदी उठवता येते, पण कोणासाठी उठवायची हे दुसरीकडे ठरतं, हे उघड झाल्याची ती चीड होती. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही ५५० डॉलर मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक पट्ट्यातल्या लोकसभेच्या मतदानाला तेव्हा पंधरा-सोळा दिवस उरले होते. दिंडोरीत केंद्रीय मंत्री पराभूत झाल्या. सप्टेंबरात, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, किमान मूल्य हटलं आणि शुल्क निम्मं झालं. संपूर्ण शुल्क गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. या दीड वर्षात शहरातल्या स्वयंपाकघराला जो काही दिलासा मिळाला असेल, त्याचं बिल निफाड, येवला, चांदवडच्या चाळींत साठवलेल्या कांद्याने भरलं. सरकारी तिजोरीतून त्यासाठी जवळजवळ काही गेलं नाही, आणि निर्यातबंदी सरकारांना इतकी आवडते ती नेमकी याचसाठी. अनुदान द्यायचं तर अर्थसंकल्पात आकडा दिसतो. शेतकऱ्याचा बुडालेला भाव कुठल्याच खात्यात दिसत नाही.

आता याच्या शेजारी इंधन ठेवून पाहा. डिझेल महागलं की ट्रकचं भाडं वाढतं आणि भाडं वाढलं की बाजारातली प्रत्येक वस्तू. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात जगात कच्चं तेल कोसळत होतं, तेव्हा उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत तेलाला गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपये एका फटक्यात चढवले गेले. स्वस्ताई ग्राहकापर्यंत पुरती पोचलीच नाही. तेल पुन्हा महागलं तेव्हा मात्र जागतिक बाजाराचा दाखला देण्यात आला. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, आणि २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये ते १२० रुपयांच्या वर होतं. शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि मग मे २०२२ मध्ये कमी झालं खरं, पण ते आधी चढवलेल्यातलं होतं. राज्यांचंही काही सोवळं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात अनेक राज्यांनी मूल्यवर्धित कर घटवला, महाराष्ट्रातल्या आघाडी सरकारने तेव्हा हात आखडता घेतला. पंतप्रधानांनी त्यावरून सुनावलं, मुख्यमंत्र्यांनी थकलेल्या जीएसटी भरपाईचा मुद्दा काढला, आणि या टोलवाटोलवीत ग्राहक पंपावर पूर्ण पैसे मोजत राहिला. गंमत अशी की, हे दर रोज बाजाराप्रमाणे बदलतात असं सांगितलं जातं. पण नोव्हेंबर २०२१ पासून उत्तर प्रदेशसह पाच राज्यांच्या निवडणुका आटोपेपर्यंत, सुमारे साडेचार महिने, ते जागचे हलले नाहीत. लगाम कोणाच्या हातात आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसणार?

सरकारला महसूल लागतो, साथीच्या काळात मोफत धान्य आणि लसीचा खर्च होता, हा आक्षेप हलका नाही. कर कुठून तरी उभा करावाच लागतो. पण तो कुठून उभा केला, हे विचारता येतं. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरचा प्राप्तिकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावं लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. आठ महिन्यांनी डिझेलवर १३ रुपये चढले. पहिला निर्णय गुंतवणुकीसाठी होता आणि दुसरा नाइलाजाने झाला, असं मान्य करू. तरी पहिल्याची सूट नफा कमावणाऱ्या कंपन्यांना मिळाली आणि दुसऱ्याचा भार एसटीच्या प्रवाशापर्यंत गेला, ही वस्तुस्थिती बदलत नाही.

मग रिझर्व्ह बँकेचं काय? २०१६ पासून कायद्याने महागाईचं लक्ष्य तिच्याकडे आहे: ४ टक्के, दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची सवलत. सलग तीन तिमाह्या सरासरी ६ टक्क्यांच्या वर राहिली तर ते अपयश, आणि बँकेने सरकारला कारणं, उपाय आणि लक्ष्यावर परतायची मुदत लिहून कळवायची. २०२२ च्या पहिल्या तीन तिमाह्यांत तसंच घडलं. पतधोरण समितीची खास बैठक ३ नोव्हेंबरला झाली, पत्र गेलं, पण ते लोकांसमोर आलं नाही. जी महागाई कोट्यवधी लोकांनी खिशातून भोगली तिचा खुलासा दोन कार्यालयांमधला खासगी पत्रव्यवहार ठरला. बँकेचा बचाव असा की, रेपो दर वाढवून कांदा पिकत नाही, आणि साथीतून उठणाऱ्या अर्थव्यवस्थेला लवकर आवळणं घातक ठरलं असतं. दोन्ही मुद्दे बिनतोड नसले तरी वजनदार आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला; भाजी त्याने स्वस्त झाली नाही, घरकर्जाचा हप्ता मात्र वाढला. बँकेला सगळ्या महागाईसाठी जबाबदार धरणं अन्यायाचं आहे, हे मान्य. पण तिने काय कबूल केलं ते वाचायलाच मिळत नसेल, तर न्याय-अन्याय ठरवायचा कशावर?

व्यापाऱ्याला इतकं मोकळं सोडता येत नाही, असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेनेच प्रसिद्ध केलेल्या २०२४ च्या अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटोला ३३, कांद्याला ३६ आणि बटाट्याला ३७ पैसेच शेतकऱ्याकडे पोचतात, असं निघालं. उरलेल्यात वाहतूक, हमाली, तूट, सड आहे, तसा नफाही आहे; आणि ज्या बाजार समितीत लिलावाला मोजकेच मोठे खरेदीदार उभे राहतात, तिथे तो नफा स्पर्धेने कमी होत नाही. हाच मुद्दा वरच्या मजल्यावरही लागू होतो. रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी २०२३ मध्ये मांडलं की, पाच सर्वात मोठ्या उद्योगसमूहांची भाव ठरवण्याची ताकद वाढली आहे आणि त्याचा अन्न-इंधन वगळून उरणाऱ्या महागाईला हातभार लागतो. त्यावर वाद होऊ शकतो. पण साठा मर्यादेचे छापे नाशिकच्या गोदामावर पडतात आणि मोठ्या समूहांच्या बाजारहिश्शाची चर्चा चर्चासत्रापुढे जात नाही, हा फरक अर्थशास्त्रातून आलेला नाही. शिवाय साठवण करणारा प्रत्येक जण साठेबाज नसतो. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो. तो कोणीतरी चाळीत ठेवला नाही, तर पावसाळ्यात खायला काय उरेल?

यापेक्षा अवघड आक्षेप गरिबांच्या बाजूने येतो. ज्या घराचा जवळजवळ निम्मा खर्च खाण्यावर जातो, तिथे कांदा-तेल महागणं म्हणजे ताटातलं कमी होणं. सरकारने हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. पण निर्यातबंदीने स्वस्त झालेला कांदा मलबार हिलवरही तितकाच स्वस्त होतो. सुमारे ८० कोटी लोकांपर्यंत पोचणारी रेशन व्यवस्था देशात आहे. डाळ, तेल, प्रसंगी कांदाही बाजारभावाने घेऊन तिथून सवलतीत देता येतो. त्यासाठी पैसे मोजावे लागतील आणि ते सगळ्या करदात्यांकडून येतील, एका तालुक्यातल्या चाळींमधून नव्हे. सोयाबीनचीही हीच कथा. खाद्यतेलावरचं आयात शुल्क दोन-तीन वर्षं नाममात्र राहिलं आणि २०२४ मध्ये मराठवाडा-विदर्भात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं गेलं. विधानसभा निवडणुकीआधी सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क २७.५ टक्क्यांवर नेलं, आणि ग्राहक ओरडल्यावर पुढच्या मे महिन्यात १६.५ टक्क्यांवर आणलं. एकदा उत्पादक, एकदा ग्राहक. ज्याचं मतदान जवळ तो जिंकतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई दर ०.२५ टक्क्यांवर उतरला. त्याचं श्रेय घ्यायला गर्दी झाली. जीएसटी कपातीचा आणि आदल्या वर्षीच्या चढ्या भावांशी होणाऱ्या तुलनेचा त्यात वाटा होता. पण खाद्यपदार्थ एकूण वर्षभरापूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी स्वस्त झाले होते, आणि त्याच दिवसांत लासलगावात कांदा उत्पादन खर्चाखाली विकला जात होता. शहरात मात्र समाधान दिसलं नाही, कारण दर उतरणं म्हणजे भाव उतरणं नव्हे. चार-पाच वर्षांत चढलेला किराणा, शाळेची फी, घरभाडं होतं तिथेच राहिलं. पगार आणि मजुरी त्यांच्या मागे धापा टाकत आहेत. आकडा खाली आणि वैताग कायम, यात लोकांची समजूत चुकलेली नाही.

२०२४ च्या जुलैतल्या आर्थिक पाहणीने सुचवलं होतं की, रिझर्व्ह बँकेच्या लक्ष्यातून अन्नाचे भाव वगळण्याचा विचार व्हावा. तर्क समजण्यासारखा आहे. पण मग अन्नाच्या भावाचा खुलासा कायद्याने कोणाकडेच मागता येणार नाही. उरतील फक्त रातोरात निघणाऱ्या अधिसूचना. त्यापेक्षा मागायचं ते असं: रिझर्व्ह बँकेचं अपयशाचं पत्र जाहीर व्हावं, कच्चं तेल अमुक भावावर गेलं की शुल्क अमुक घटेल आणि उतरलं की स्वस्ताईतला अमुक वाटा पंपावर पोचेल, हे आधीच लिहून ठेवावं, आणि कांद्याचा कुठला भाव आला की निर्यातीवर किती शुल्क लागेल, तोटा झाला तर तो कोण भरून देईल, याचा नियम उन्हाळ कांद्याची रोपं टाकली जातात त्या ऑक्टोबरच्या आत शेतकऱ्याच्या हातात असावा.