शुगर असेल तर छातीत दुखण्याची वाट पाहू नका

"डॉक्टर, छातीत कधी दुखलंच नाही, मग हार्टचा आजार कसा?" मधुमेही रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात. खरं तर न दुखणं हाच मधुमेहातला मोठा धोका आहे.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत चरबीचे थर साचून त्या अरुंद होतात, हा आजार मधुमेह नसलेल्यांनाही होतो. पण चढ चढताना, ओझं उचलताना छाती आवळल्यासारखी होऊन त्यांना बहुधा आधीच इशारा मिळतो. मधुमेहात अनेक धमन्या एकाच वेळी आणि लांबपर्यंत खराब झालेल्या आढळतात. त्यात वाढलेल्या साखरेने मज्जातंतू बधिर झाले, तर वेदना जाणवत नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. आपण 'पित्त झालंय' म्हणून सोडा पितो आणि मोलाचे तास निघून जातात.

1998 साली फिनलंडमधल्या एका अभ्यासाने दाखवलं, की पूर्वी झटका न आलेल्या मधुमेहींना झटक्याचा धोका जवळपास एक झटका येऊन गेलेल्या, पण मधुमेह नसलेल्या लोकांइतकाच होता. पुढच्या अभ्यासांतून दिसलं, की प्रत्येक मधुमेहीचा धोका सारखा नसतो. आजार जितका जुना, तितका धोका जास्त.

आपल्या बीड जिल्ह्यात हे जास्त गंभीर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, केज, वडवणीकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. "आम्ही राबणारी माणसं, आम्हाला कसली शुगर?" असं अनेकांना वाटतं. पण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय, की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. नुसत्या बारीक अंगावर विसंबून चालत नाही.

फडावर गेल्यावर गोळ्या संपतात, तपासणी राहून जाते. माझं स्पष्ट मत आहे, की गाडी गावातून हलण्याआधीच शुगर, बीपीची तपासणी व्हावी आणि पूर्ण हंगामाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून हातात मिळाव्यात. मुकादम उचल मोजून देतो, तसा गोळ्यांचाही हिशोब कुणीतरी ठेवायला हवा.

तुम्ही स्वतः काय कराल? फक्त शुगरचा आकडा पाहू नका. बीपी, कोलेस्टेरॉल, किडनीही तपासा. तंबाखू, मिश्री सोडा. चाळिशीनंतर कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि सुरू असेल तर मनाने बंद करू नका. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणजे धमन्या साफ आहेत असं नाही.

मधुमेह आहे आणि अचानक दम लागला, दरदरून घाम आला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा. पित्तच निघालं, तर आनंदाने घरी या.