नाव झाकून बघा

पेशवाईवरच्या पुस्तकात आनंदीबाईचं चित्र बघून ‘डोळ्यांतच कपट दिसतंय’ म्हणणाऱ्यांसाठी एक साधी टेस्ट आहे. खालचं नाव बोटाने झाका. काय उरतं? नऊवारी, नथ, खोपा, मोत्यांचे दागिने. आता तिथे १७७२ मध्ये थेऊरला सती गेलेल्या रमाबाईंचं नाव लिहा. तेच डोळे लगेच सोशिक दिसायला लागतील!

म्हणजे आपण चेहरा वाचतच नाही, कॅप्शन वाचतो.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात १८ वर्षांच्या नारायणरावाचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते राघोबाला. पण ‘ध’चा ‘मा’ चिकटला त्याच्या बायकोला. राघोबाचं चित्र दिसलं की आपल्याला १७५८ चा अटकेपार झेंडा आठवतो. तिच्या चित्रात मात्र फक्त खून दिसतो. हा कुठला न्याय?

ती आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली, गुहागरच्या ओकांची लेक. म्हणून मी गाववाल्याची वकिली करतोय असं समजू नका. ती निर्दोष होती असं मी म्हणतच नाहीये. आरोप करायचाय ना, मग कागद काढा, साक्षी काढा. भुवईची कमान हा काही पुरावा नव्हे.