पन्नाशीनंतरचं शरीर कुणाच्या हिशेबात?



८ मार्चच्या कार्यक्रमात काय ठेवायचं यावर मानवतच्या आमच्या बैठकीत या वेळी चांगलाच वाद झाला. संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा दरवर्षीचेच. मी सुचवलं, पन्नाशीपुढच्या बायकांची तीन किलोमीटरची चालण्या-पळण्याची शर्यत ठेवू, आणि आधी तीन महिने सराव करू. बायका हसल्या. मग कापूस वेचणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "आम्ही काय बसून खातो का? दिवसभर वाकून कापूस वेचायचा, वरून आणखी पळायचं कशाला?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. वेचणीच्या दिवसांत आपल्या भागातली बाई पहाटे पाणी-भाकरी उरकून शेत गाठते, कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकते. मजुरी किलोवर, म्हणून मधे टेकायची सोय नाही. आडोसा नाही म्हणून पाणीही बेतानंच प्यायचं. संध्याकाळी पुन्हा चूल. दम तिच्यात आहेच. पण श्रम वेगळे आणि सराव वेगळा. सरावात ताण असतो, त्यानंतर खाणं असतं आणि विश्रांती असते. ताणानं स्नायूला बारीक इजा होते. तो भरून येतो आणि आधीपेक्षा बळकट होतो तो नंतर, झोपेत आणि प्रथिनांच्या जोरावर. मजूर बाईच्या वाट्याला ताण तेवढा येतो, तोही रोज त्याच कमरेवर, त्याच गुडघ्यांवर. खेळाडूला असं वागवलं तर तो महिन्याभरात जायबंदी होईल. आपण मात्र त्याला 'बायकांची सवय' म्हणतो.

वयाचा भाग आहेच. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर वेग वाढतो. पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं झपाट्यानं विरळ होतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आपल्या परभणीतूनही टोळ्या जातात. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील, तर हाडांची ही झीज ऐन तिशी-पस्तिशीत सुरू होते. अशा बाईच्या बाबतीत 'पन्नाशी' हा शब्दसुद्धा उशिराचा आहे.

तरीही हे सगळं अटळ आहे असं समजू नका. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला गेला. तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपल्या पंजाबच्या मान कौर यांनी त्र्याण्णव्या वर्षी पळायला सुरुवात केली आणि २०१७ साली ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्णपदक घेतलं, तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या.

उलट बाजू बघा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर पळाल्या आणि दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडलं. फार पळालं तर गर्भाशयाला इजा होते, हा समज तोवर डॉक्टरांमध्येही होता. ओझं वाहणाऱ्या, दळण दळणाऱ्या बाईच्या गर्भाशयाची अशी काळजी कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की सगळ्यांना बारामतीच्या लता भगवान करे आठवतात. बुलढाणा जिल्ह्यातून मजुरीसाठी आलेलं कुटुंब. नवऱ्याच्या एमआरआयला पैसे नाहीत, म्हणून २०१३ च्या सुमारास साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत पळाल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट आला, स्वतःची भूमिका त्यांनीच केली, ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. पण अनवाणी पायांचं जे कौतुक चालतं ते मला खुपतं. तपासणीचे पैसे मिळवायला म्हाताऱ्या बाईला पळावं लागलं, ही बातमी होती. आपण टाळ्या वाजवल्या आणि चपलेचा, इलाजाचा, ताटातल्या डाळीचा प्रश्न तिथेच राहिला.

डाळीचंच बोलू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला दिवसाला चाळीसेक ग्रॅम. वय वाढलं की तेवढ्याच अन्नातून स्नायू कमी बनतो, म्हणून वृद्धांवर काम करणारे अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे पन्नास ते साठ. ज्वारीच्या दोन भाकरींतून पंधरा ग्रॅमच्या आसपास मिळतात. ज्वारीत जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून दोन्ही हवीत. पण सगळ्यांच्या शेवटी जेवणारीच्या ताटात येतं ते वरणाचं पाणी, डाळ आधीच्या ताटांत गेलेली असते. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम, अंड्यात सहा. दुकानातल्या पावडरीच्या डब्यांवर पैसे घालवण्याचं काही कारण नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा नको. त्यानं लोह अंगी लागत नाही.

सराव अगदी साधा ठेवू. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं चालायचं. आठवड्यातून दोनदा हात न टेकता ओट्यावरून उठबस. आधी आठ वेळा, मग दहा, मग कडेवर ओझं घेऊन. मधे एक दिवस विसावा. वेचणीच्या आठवड्यात सराव कमी, झोप जास्त. आपल्याकडचं ऊन माहीत आहेच, आणि वय झालं की तहान उशिरा कळते, म्हणून पाणी तहानेआधी प्यायचं. छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

हे सगळं एकटीनं घरात होत नाही, आणि सरकारदरबारी तर ही बाई नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१९-२१ मध्ये बाईचं हिमोग्लोबिन १५ ते ४९ या वयात तपासलं. पुरुषाचं ५४ पर्यंत! महाराष्ट्रात या वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे हे आपल्याला २०१९-२१ च्या पाहणीतून कळतं. पन्नासाव्या वर्षी तीच बाई त्या यादीतून गळते. अंगणवाडीचा आहार बालकाला, किशोरीला, गरोदर आणि स्तनदा बाईला. अन्नसुरक्षा कायद्यात धान्य आहे, डाळ नाही. मूल होण्याशी जोडलेली तेवढीच बाई मोजायची, असा हा हिशेब आहे.

तेव्हा या तिमाहीत गटांनी एक काम घ्यावं. आपल्या गावातल्या पन्नाशीपुढच्या बायकांना घेऊन आरोग्य केंद्रात जावं, हिमोग्लोबिन तपासून मागावं. 'या वयात कशाला' असं उत्तर मिळालं तर तेही तारखेसह लिहून ठेवावं. आकडे, नावं न घालता, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात गावनिहाय छापू आणि तोच कागद घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ.